माळ्यावरचा डबा आणि इंजिनिअरची पत

इमारत पुनर्विकासाला गेली की भाड्याच्या घरात जाण्याआधी माळा रिकामा करावा लागतो. गिरगाव, दादर, परळ, लालबागमध्ये हे गेली कित्येक वर्षं चाललेलं आहे. पितळेची भांडी आणि गणपतीची जुनी आरास बाजूला केली की बऱ्याच घरांत मागे एक पत्र्याची ट्रंक नाहीतर बिस्किटांचा मोठा डबा निघतो. आत व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या, काचेच्या निर्वात नळ्या), कॉइली, ट्रान्सफॉर्मर, वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधलेले कंडेन्सर आणि रेझिस्टन्स. आजोबांचा किंवा काकांचा रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्सचा छंद. भंगारवाला किलोवर भाव सांगतो आणि तासाभरात सगळं जातं.

हा डबा विकण्याआधी दोन रविवार द्या. पैसे फार मिळतील असं नाही, पण त्यात चालू आणि उपयोगी वस्तू असतात, काही धोकादायकही असतात. शिवाय मुंबईत इंजिनिअर या शब्दाची किंमत कशी वरखाली झाली, ते या डब्याइतकं स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसतं. डबा थरांनी भरलेला असतो. तळाशी सर्वांत जुनं, वर नवं, आणि एका थराला भर पडणं थांबतं. ते कुठे थांबलं याकडे लक्ष ठेवा.

सुरुवात पुड्यांपासून. पुडी सोडण्याआधी तिचा फोटो घ्या, कारण वस्तूची एकमेव ओळख बहुधा त्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेली असते. दोन पुड्या एकत्र केल्या तर ती माहिती कायमची गेली. काहीही धुवू नका, काहीही प्लगला लावू नका. चार गोष्टी आधी बाजूला काढा. युद्धाच्या काळातले मीटर, ज्यांच्या काट्यावर आणि आकड्यांवर पिवळसर-तपकिरी रंग आहे: तो रेडियमचा असू शकतो. अंधारात चमकणं थांबलं तरी किरणोत्सार थांबत नाही, म्हणून काच उघडायची नाही. तेल भरलेले मोठे चौकोनी कंडेन्सर फोडायचे नाहीत. पाऱ्याचे काचेचे स्विच वेगळ्या डबीत. आणि चौकोनी पत्र्यांची चळत असलेले, एसीचं डीसी करणारे सेलेनियम रेक्टिफायर वापरायचेच नाहीत. ते जळाले की सडक्या मुळ्यासारखा वास येतो आणि तो धूर विषारी असतो. त्या जागी १एन४००७ हा सिलिकॉन डायोड चालतो, मात्र त्याच्यात व्होल्टेज जवळजवळ पडत नाही, त्यामुळे पुढचं एचटी (व्हॉल्व्हना लागणारं चढं डीसी व्होल्टेज) वाढतं. सिरीजमध्ये ४७ ते १०० ओहमचा, ५ वॅटचा रेझिस्टन्स घालून एचटी मूळ आकड्यावर आणावं लागतं.

तळाच्या थरात व्हॉल्व्ह असतात. आधी आतला चंदेरी आरसा पाहा, बहुतेक व्हॉल्व्हमध्ये तो वरच्या टोकाशी असतो. चंदेरी किंवा करडा असेल तर निर्वात शाबूत आहे. पांढरा दुधाळ झाला असेल तर हवा शिरली, तो व्हॉल्व्ह संपला. मग मीटरने हीटर, म्हणजे आतली तापणारी तार, तपासा. ईएल८४ मध्ये ४ आणि ५ या पिना. ईसीसी८३ मध्येही ४ आणि ५, आणि ९ हा मधला टॅप. हीटर तुटला असेल तर दुरुस्ती नाही. काच पुसताना छापलेल्या नंबराला बोट लावू नका, तो शाईसारखा निघून येतो आणि मग व्हॉल्व्ह अनोळखी होतो. पिना वाकल्या असतील तर पकडीने सरळ करू नका, काच मुळाशी तडकते. जुना नऊ पिनांचा सॉकेट घेऊन त्यात हळूहळू बसवत सरळ करायच्या. ईसीसी८३, ईएल८४, ईएल३४ यांना आजही गिऱ्हाईक आहे, गिटार अँप्लिफायरवाले आणि हाय-फायवाले ते शोधत असतात. टीव्हीच्या बहुतेक व्हॉल्व्हना नाही.

डब्याबरोबर अख्खा रेडिओ सेट निघाला तर सर्वांत आधी व्हॉल्व्हचे नंबर वाचा. ई ने सुरू होत असतील (ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४) तर बहुधा आत मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे. यू ने सुरू होत असतील (यूसीएच८१, यूबीएफ८९, यूएल८४, यूवाय८५) तर तो ट्रान्सफॉर्मर नसलेला एसी-डीसी सेट. त्यात सगळे हीटर एकापुढे एक जोडलेले असतात, १०० मिलिअँपिअरवर: १९, १९, ४५ आणि ३८ व्होल्ट, म्हणजे १२१. उरलेलं सगळं व्होल्टेज एका गरम होणाऱ्या ड्रॉपर रेझिस्टन्सवर पडतं. अशा सेटची चेसिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा लागला की चेसिस फेजवर येते. नॉब निघालेला असेल तर उघडी दांडीसुद्धा शॉक देते. १०० व्हीएचा २३०-ला-२३० आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर यू मालिकेच्या सेटला हात लावू नये, हे मी अगदी ठाम सांगेन.

ई मालिकेचा सेट सुरू करायचा तर सिरीज बोर्ड हवाच. ६० वॅटचा तारेचा बल्ब सेटच्या फेजमध्ये सिरीजला. एलईडी बल्ब इथे चालत नाही, कारण आपल्याला हवा आहे करंट वाढला की वाढणारा तारेचा रेझिस्टन्स. तारेचा बल्ब मिळाला नाही तर हॅलोजन घ्या. बल्ब आधी उजळून मग मंद झाला तर ठीक. भक्क पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा.

त्याआधी एक कंडेन्सर न विचारता बदलावा: आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (आतला करंट आवरणाऱ्या जाळीला) ऑडिओ आणून देणारा, साधारण ०.०१ मायक्रोफॅरडचा. जुना मेणाचा, कागदाचा असतो. मुंबईच्या दमट हवेत कागद ओल धरतो, कंडेन्सर गळायला लागतो आणि आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटचं डीसी ग्रिडवर पोचतं. ईएल८४ च्या पिन २ वर मीटर लावला तर शून्य किंवा किंचित ऋण यायला हवं. धन येत असेल तर व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतोय, आणि त्याची किंमत आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळून मोजावी लागते. ०.०१ चा, ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर काही रुपयांत मिळतो. कार्बनचे जुने रेझिस्टन्सही याच दमटपणाने वर सरकतात. २२० के चा ३०० के झालेला सर्रास आढळतो. पट्ट्या वाचून विश्वास ठेवू नका, एक पाय सोडवून मोजा.

इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे आत द्रव असलेल्या मोठ्या कंडेन्सरबद्दल मतभेद आहेत. वर्षानुवर्षं पडून असलेला कंडेन्सर हळूहळू व्होल्टेज चढवत पुन्हा ‘बसवता’ येतो. २२ के, २ वॅटच्या रेझिस्टन्समधून ५० व्होल्टपासून सुरुवात, रेझिस्टन्सवरचं व्होल्टेज ५ च्या खाली आलं की पुढचा टप्पा. समुद्रापासून दूर, कोरड्या गावांत असे कंडेन्सर टिकलेले सापडतात. मुंबईत साठ-सत्तरच्या दशकातला इलेक्ट्रोलिटिक मी ठेवणार नाही. रबरी बूच सुकलेलं असतं, आतलं द्रव उडालेलं असतं. तरी प्रयोग करायचाच तर संपल्यावर १० के, ५ वॅटचा रेझिस्टन्स लावून रिकामा करा. ३५० व्होल्टवर भरलेला ४७ मायक्रोफॅरड हाताला चांगलाच झटका देतो.

या थराच्या काळात इंजिनिअर म्हणजे कोण? पदवीवाले मोजकेच. माटुंग्याचं व्हीजेटीआय १८८७ पासूनचं, तिथला एलईई (वीज अभियांत्रिकीची पदविका) झालेला माणूस गिरणीत, रेल्वेत, बेस्टमध्ये साहेब म्हणून रुजू व्हायचा. पवईचं आयआयटी १९५८ चं. मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये चालू झाला, सुमारे २,७०० व्हॉल्व्हचा, इथेच आराखडा करून इथेच जोडलेला. या सगळ्याच्या बाहेर, चाळीत, एक दुसरा इंजिनिअर होता: टेलिफोन खात्यातला लाइनमन, बँकेतला कारकून, गिरणीतला वायरमन. रेडिओ बिघडला की ज्याच्या दारात लोक सेट घेऊन उभे राहत, तो चाळीपुरता इंजिनिअरच होता. रेडिओ महाग होता, त्याला टपाल कार्यालयातून वर्षाचं लायसन काढावं लागे, परदेशी सुटा भाग आयातबंदीमुळे मिळत नसे. सेट फेकण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून फॉल्ट शोधू शकणाऱ्या माणसाला किंमत होती, त्याच्याकडे डिग्री असो की नसो. डब्यातला प्रत्येक वाकडा स्क्रूसुद्धा जपून ठेवलेला दिसतो, त्याचं कारणही हेच. माल यायचा तो युद्धानंतरच्या डिस्पोजलमधून (लष्कराने विकून टाकलेल्या मालातून), चोर बाजारातून आणि दारूखान्यात तोडल्या जाणाऱ्या जहाजांतून.

याच थरात कधी कधी काळ्या बॅकेलाइटच्या, दोन पिनांच्या चपट्या डब्या सापडतात, वर ७००० च्या आसपासचा आकडा. ते क्वार्ट्झ क्रिस्टल आहेत, किलोसायकलमध्ये. ७ मेगाहर्ट्झ हा हौशी रेडिओवाल्यांचा ४० मीटरचा पट्टा. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४२ मध्ये मुंबईत जागा बदलत बदलत चालवलेला गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर लागायचा, म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ, याच पट्ट्यात. अशा क्रिस्टलची डबी स्क्रू काढून उघडता येते. आतली चकती साबणाच्या पाण्याने धुऊन, कडांना धरून परत बसवली की बंद पडलेला क्रिस्टल पुष्कळदा पुन्हा चालतो. मधल्या भागाला बोटाचं तेल लागलं तरी तो अडतो. तो हवेवर वापरायचा असेल तर मात्र परीक्षा देऊन लायसन घ्यावं लागतं, व्हीयू ने सुरू होणारं कॉल साइन मिळतं.

त्यावरचा पातळ थर जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचा. ओसी४४, ओसी७१, एसी१२७, एसी१२८, एएफ११७. मीटरच्या डायोड मोडवर ०.२ ते ०.३ दाखवतात, सिलिकॉनसारखं ०.६ नाही. एसी१२८ ची गळती पाहायची तर एमिटर ९ व्होल्टच्या धनाला, कलेक्टर १ के मधून ऋणाला, बेस मोकळा. १ के वर ०.१ ते ०.३ व्होल्ट आले तर माल चांगला, १ व्होल्टच्या वर गेले तर गळका. बोटात धरला तरी आकडा चढतो, म्हणून टेबलावर ठेवून मोजा. एएफ११४ ते ११७ या चौघांचा एक ठरलेला रोग आहे: आत कथलाचे बारीक केस वाढतात आणि एखादा पाय पत्र्याच्या टोपीला चिकटतो. चौथा पाय त्या टोपीचा असतो, तो कापला तर शॉर्ट असूनही काम पुष्कळदा चालतं.

त्यावरचा थर सर्वांत जाड असतो. सिलिकॉनचा काळ: बीसी१४७, बीसी१४८, बीसी१५८, एसएल१००, एसके१००, २एन३०५५, टीबीए८१०. यातले पुष्कळ भाग देशात बनू लागले होते, भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेले तर ढिगाने. आणि ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोड, कागदावर डॉ. भडकमकर मार्ग, भरभराटीला आला होता. रेडिओचं किट जोडणं हा शाळकरी मुलाचाही उद्योग झाला.

डब्यात चौकोनी टोप्यांच्या आयएफटी (रेडिओतले छोटे इंटरमीडिएट फ्रीक्वेन्सी ट्रान्सफॉर्मर) असतील तर रंगावरून ओळख पटते: लाल ऑसिलेटरची, पिवळी पहिली, पांढरी दुसरी, काळी शेवटची. गाभा फिरवायला लोखंडी स्क्रूड्रायव्हर घेऊ नका. एकतर ट्यूनिंग सरकतं, आणि फेराइटचा गाभा तडकला की अडकून बसतो. प्लॅस्टिकची विणायची सुई घासून घ्या. आधी आयएफ ४५५ किलोहर्ट्झवर, शेवटच्या टोपीपासून मागे येत. मग डायल. सिग्नल जनरेटर नसलेली माणसं मुंबईत स्टेशनांवरच डायल लावत: खालच्या टोकाला ५५८ किलोहर्ट्झचं आकाशवाणी मुंबई ‘ब’, मध्ये १०४४ चं ‘अ’, वरच्या टोकाला ११८८ ची विविध भारती. ५५८ ला ऑसिलेटर कॉइलचा गाभा (ऑसिलेटर १०१३ वर येतो), ११८८ ला गँगवरचा (स्टेशन फिरवणाऱ्या कंडेन्सरवरचा) बारीक ट्रिमर (१६४३). दोन्ही एकमेकांना ढकलतात, म्हणून दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. जो एकाच फेरीत थांबतो त्याची डायल एका टोकाला खोटी बोलते.

२एन३०५५ हे मोठे पॉवर ट्रान्झिस्टर मिळाले तर सांभाळून ठेवा. बाजारात या नंबराचे नकली इतके आहेत की जुना अस्सल नग हाच भरवशाचा. नकलीत पत्र्याची टोपी तीच, आतला सिलिकॉनचा तुकडा मात्र तांदळाच्या कणीएवढा. साध्या मीटरवर तो चांगलाच दिसतो, दगा देतो तो लोडवर. तपासणी अशी: मोठ्या हीटसिंकवर अभ्रक आणि पेस्ट लावून बसवा, कलेक्टर १२ व्होल्टला, एमिटरमध्ये ०.४७ ओहम १० वॅट, बेसला ४७ ओहम ५ वॅट आणि त्याच्या सिरीजमध्ये ५०० ओहमचा वायरवाउंड पॉट. पॉट पूर्ण ठेवून सुरुवात करा आणि हळूहळू एमिटर रेझिस्टन्सवर १.४ व्होल्ट आणा, म्हणजे ३ अँपिअर, ट्रान्झिस्टरवर साधारण ३२ वॅट. अस्सल नगाला हे काहीच नाही, त्याची मर्यादा ११५ वॅटची. नकली सहसा दहा मिनिटांच्या आत कलेक्टर-एमिटर शॉर्ट होऊन जातो, म्हणून सप्लायला ५ अँपिअरचा फ्यूज हवा.

या थरात बहुतेक वेळा एक हिरवट-तपकिरी बोर्ड निघतो, एका बाजूला ५५५ (ठोके देणारी चिप) आणि ४०१७ (ते मोजणारी चिप), दुसऱ्या बाजूला ओळीने चार ट्रायक, म्हणजे मेन्सचे इलेक्ट्रॉनिक स्विच. गणपतीची रनिंग लाइट. मला विचाराल तर मुंबईच्या हौशी इलेक्ट्रॉनिक्सचं हे सर्वांत मोठं लोकशिक्षण होतं. भाद्रपद आला की गल्लीगल्लीत कुणीतरी हे जोडत असे. ५५५ ला १० के, ४७ के आणि ४.७ मायक्रोफॅरड दिले की सेकंदाला जवळजवळ तीन ठोके पडतात. ४०१७ च्या ३, २, ४, ७ या पिना चार माळांना, १० नंबरची पिन १५ ला जोडली की चौथ्यानंतर परत पहिली. १३ जमिनीला. ती मोकळी सोडली तर बोर्ड नुसता हात जवळ नेल्यावर थांबतो आणि चालतो. ५५५ च्या सप्लायवर ०.१ चा सिरॅमिक नसेल तर मोजणी उड्या मारते, कारण आउटपुट पलटताना ५५५ सप्लायला क्षणभर खाली ओढतो.

जुन्या बोर्डांत एक तक्रार कायम असे: दिवे अर्धवट पेटतात. लोक ट्रायक बदलत राहत. कारण ट्रायकच्या आत आहे. गेटला (ट्रायक सुरू करणाऱ्या पायाला) नेहमी धन करंट दिला तर मेन्सच्या एका अर्ध्या फेरीत ट्रायक सहज पेटतो, दुसऱ्या अर्ध्यात, म्हणजे एमटी२ हा मेन्सकडचा पाय ऋण असताना, त्याला दुप्पट करंट लागतो. साध्या बीटी१३६ ला पहिल्या स्थितीत ३५ मिलिअँपिअरपर्यंत, दुसरीत ७० पर्यंत. ड्रायव्हरचा ट्रान्झिस्टर तेवढा देत नाही, अर्धीच फेरी जाते. शिवाय या पद्धतीत सगळा बोर्ड मेन्सवर जिवंत असतो. मंडपातल्या ओल्या जमिनीवर हे जीवघेणं आहे. असा बोर्ड पुन्हा वापरायचा तर प्रत्येक ट्रायकपुढे एमओसी३०२१ (प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा ऑप्टोकपलर) घाला, त्याच्या एलईडीला १५ मिलिअँपिअर. अर्धफेरीचा दोष जातो आणि ५५५-४०१७ ची बाजू मेन्सपासून वेगळी करता येते, ट्रायकची बाजू मात्र मेन्सवर जिवंतच राहते. आणखी एक: हल्लीच्या एलईडी माळा इतका कमी करंट घेतात की ट्रायक पेटलेला राहतच नाही, माळ लुकलुकते. प्रत्येक माळेला समांतर १५ वॅटचा तारेचा बल्ब लावला की तो सुमारे ६५ मिलिअँपिअर ओढतो आणि ट्रायक स्थिर होतो. तो बल्ब मखराच्या थर्माकोलपासून दूर ठेवा.

सर्वांत वर ७४०० मालिकेचे आयसी, एलटी५४३ चे उजळणारे आकडे, एखादं ८०८५ मायक्रोप्रोसेसरचं किट, काचेची खिडकी असलेले ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवणाऱ्या, प्रकाशाने पुसल्या जाणाऱ्या चिप). खिडकीवरचा कागद काढू नका. उन्हात साधारण आठवड्याभरात ईप्रॉम कोरा होतो, आणि त्यातला प्रोग्रॅम दुसरीकडे कुठेही नसेल. बोर्डवर निकेल-कॅडमियमची बॅटरी असेल तर आजच कापून काढा, तिच्या क्षाराने तांब्याचे मार्ग खाल्ले जातात. हिरवा डाग पांढऱ्या व्हिनेगरने निष्प्रभ करून, पाण्याने आणि मग आयपीएने (आयसोप्रोपाइल अल्कोहोलने) पुसा.

आणि इथे डबा थांबतो. बहुतेक घरांत तो नव्वदच्या दशकाच्या आसपास थांबलेला दिसतो.

कारणं वेगवेगळी आहेत आणि एकाच वेळी येऊन भिडली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, आणि जी डिग्री मोजक्यांची होती ती मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आली. लग्नपत्रिकेत नावापुढे ‘इंजि.’ दिसू लागलं. याचा आनंद मानायलाच हवा. गावागावांतल्या कितीतरी मुलामुलींना त्याने वर काढलं. पण याच काळात डिग्री आणि हातातलं काम यांची फारकत झाली. अंधेरीचं सीप्झ १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी उभं राहिलं होतं, पुढे तिथे दागिने आणि सॉफ्टवेअर यांनी जागा भरली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात आला आणि संगणक, चिप यांच्यावरची आयातजकात टप्प्याटप्प्याने २००५ पर्यंत शून्यावर गेली. वस्तू स्वस्त झाली, माणसाचा तास महाग झाला. दोन तास मीटर घेऊन फॉल्ट शोधण्यापेक्षा अख्खं कार्ड बदलणं परवडू लागलं. पूर्वी रेडिओच्या पाठीच्या पुठ्ठ्यावर सर्किट चिकटवलेलं असे. नंतर सर्किट मिळेनासं झालं, चिपवरचे नंबर खरवडलेले येऊ लागले, आणि दोष फर्मवेअरमध्ये असेल तर मीटरला तो दिसतच नाही. इलेक्ट्रॉनिक्स किंवा एक्स्टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार) घेतलेली मुलंही नोकरीला सॉफ्टवेअरमध्ये जाऊ लागली, कारण पगार तिथे होता. त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

पत गेली ती निदानाची. ‘हे का बिघडलं’ हे सांगणाऱ्याला एकेकाळी मान होता, तो ‘हे नवीन घ्या’ म्हणणाऱ्या काउंटरकडे गेला. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमिकंडक्टरसाठी ७६,००० कोटींची योजना जाहीर केल्यापासून हार्डवेअरचं नाव पुन्हा घेतलं जातंय. पण कारखान्यालाही शेवटी ग्रिडवर धन व्होल्टेज का आलं हे विचारणारीच माणसं लागतात, आणि ती सवय वर्गात बसून लागत नाही.

म्हणून डब्याचे मालक हयात असतील तर त्यांच्याशिवाय डबा उघडू नका. ‘हे ठेवायचं का?’ असं विचारलं तर सगळंच ठेवायचं असतं. नेमकं विचारा: या ट्रान्सफॉर्मरची दुसरी वाइंडिंग किती व्होल्टची? या पुडीतले नग काढलेले आहेत की नवे? उत्तर त्याच पुडीवर लिहा. त्यांना पुन्हा टेबलाशी बसवता आलं तर त्याहून चांगलं, फक्त टेबल त्यांच्या वयाला साजेसं हवं. दिवा दोन्ही बाजूंनी, म्हणजे हाताची सावली पडत नाही. ३ ते ५ डायॉप्टरचं भिंग स्टँडवर. बोर्ड धरायला शिकंजा, कारण थरथर हातात असते, ती बोर्डात नसली की काम होतं. सोल्डर ६०-४०, १ मिलिमीटरचं. अर्ध्या मिलिमीटरचं डोळ्याला दिसत नाही. निळ्या मेटल फिल्म रेझिस्टन्सच्या पाच पट्ट्या वाचण्याचा अट्टहास नको, मीटर लावावा. वय वाढलं की वरच्या पट्टीचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे कानाने आयएफ लावणं फसतं. स्पीकरवर एसी मीटर लावून काटा वाढेल तसं फिरवायचं. यासाठी जुना काट्याचा मीटर डिजिटलपेक्षा सरस. पेसमेकर असेल तर पिस्तुलासारखी ट्रान्सफॉर्मरची सोल्डर गन टेबलावर नकोच, साधी २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न घ्या आणि डॉक्टरांना विचारा. एसएमडीचं (बोर्डच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या बारीक भागांचं) काम घरातल्या तरुणाने करावं, मोजून ‘कुठे पाहायचं’ हे त्यांनी सांगावं. ही वाटणी फार चांगली चालते.

डब्यात वही असेल तर ती सगळ्यात मौल्यवान. कॉइलचे वेढे, तारेचा गेज, कुठल्या सेटला कोणता फॉल्ट आला होता, सगळं तिच्यात असतं. वाचताना जुनी मापं लक्षात घ्या: के.सी. म्हणजे किलोहर्ट्झ, एमएफडी म्हणजे मायक्रोफॅरड, एमएमएफडी म्हणजे पिकोफॅरड. तारेचा आकडा एसडब्ल्यूजीमध्ये, म्हणजे तारेच्या जाडीच्या ब्रिटिश मापात असतो. २२ म्हणजे ०.७१ मिलिमीटर, ३६ म्हणजे ०.१९. पानं सुटी न करता सपाट प्रकाशात फोटो घ्या, पेन्सिलीचं लिखाण फ्लॅशमध्ये उडून जातं.

उरलेल्या मालातले तपासलेले व्हॉल्व्ह आणि मीटर हौशी रेडिओवाल्यांकडे किंवा एखाद्या कॉलेजच्या प्रयोगशाळेकडे जाऊ द्या, फक्त आधी विचारून. न विचारता पाठवलेला डबा तिथेही कपाटाखाली जातो. मेलेले बोर्ड आणि गळके सेल भंगारवाल्याला देऊ नका, तांब्यासाठी तारा जाळल्या जातात आणि तो धूर कुणाच्या तरी वस्तीत जातो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या ई-कचरा केंद्रात द्या. जे ठेवाल त्याच्या प्रत्येक पुडीत सिलिका जेलची एक पाकिटी टाका, बाहेर नग, मोजलेला आकडा आणि तारीख लिहा. पावसाळा संपला की ती पाकिटं बदला.